रोजचे कपडे

प्रश्न माझा नसतो. तो सीलबंद पाकिटातून येतो
आणि जसाच्या तसा वाचायचा असतो:
रोजच्या दिवशी तुम्हाला कोणते कपडे घालायला आवडतात?

बाहेर उणे एकतीस.
खिडकीच्या आतल्या अंगाला बर्फ धरलाय,
उलानबातरवर कोळशाच्या धुराचं मळकट पांघरूण.
इथे आवडीचा प्रश्न येतोच कुठे, बाई,
असं एकदा तरी कुणी तोंडावर म्हणावं मला.
कुणी म्हणत नाही.

सकाळपासून अकरा जण आले.
अकराही जण म्हणाले, कम्फर्टेबल.
क्लासच्या फळ्यावरून उतरवून घेतलेला शब्द,
सगळ्यांना एकाच मापाचा शिवलेला:
कुणाला खांद्यात सैल, कुणाला काखेत काचणारा.
एका मुलाने तर अख्खं उत्तर एका दमात म्हटलं
आणि पाण्याखालून वर आल्यासारखा श्वास घेतला.
मी मान हलवली.
तेवढी हलवायची परवानगी आहे. फार नाही.

बारावी ल्हामसुरेन. वय एकेचाळीस.
वीजकेंद्रात हिशेब लिहिते.
करडा कोट, इतका नवा
की बाहीवरच्या लेबलाचा टाका अजून उसवलेला नाही.
तिनेही सुरुवात केली, कम्फ…
आणि थांबली.

रेकॉर्डर चालू होता.
थांबणं ऐकू येतं त्याला,
थांबण्याचं कारण येत नाही.

मग म्हणाली, डेल.
आईचा डेल. तपकिरी. रोजचा, सणाचा नाही.
त्याला खिसा नाही.
पण खिसा आहे.
पट्टा आवळून बांधला की इथे,
(हात छातीवर)
इथे एक होतं…

पॉकेट? स्वतःच म्हणाली, नो.
बॅग? नो.
बोटांनी हवेत ओचा करून दाखवला,
तो काही टेपवर उमटला नाही.
मला शब्द ठाऊक नव्हता.
असता तरी द्यायचा नसतो.

तिथे आईची वाटी असायची, ती म्हणाली.
वाळवलेल्या दह्याचे खडे. मामाचं पत्र, बरेच दिवस.
वसंतात, रात्री जन्मलेलं कोकरू,
ओलं, सकाळपर्यंत.
कोकरू उभं राहिलं की मग मी.
मी तिथे आहे.
आणि लगेच, लाल होत, सुधारलं तिने:
होते. मी तिथे होते.

वेळ संपली होती.
धन्यवाद, मी म्हटलं, आता टी-शर्टबद्दल बोलू या.
तिला टी-शर्ट आवडतात.
कम्फर्टेबल असतात.

दार लागल्यावर रकाने भरायचे.
ओघ: अडखळतो.
व्याकरण: काळ चुकतो, पण ध्यानात येतं.
शब्दसंपत्ती: नेमका शब्द सापडत नाही,
वळसा घालून पोचते.
वळशाला गुण आहेत, तक्त्यात तसं छापलंय.
कुठे पोचली, त्याला रकाना नाही.
मी सहा लिहिला. बराच वेळ त्या सहाकडे बघितलं.
तेराव्याला आत बोलावलं.

साडेपाचला अंधार.
माझ्या जॅकेटला सात खिसे, सगळ्यांना चेन;
किल्ल्या, ओळखपत्र, ओठांच्या मलमाची डबी,
एका खिशात काहीच नाही आणि तो कोणता
ते अजून पाठ झालेलं नाही.

थांब्यावर ती होती.
या थंडीत मोबाइल दहा मिनिटांत मरतो.
तिने कोटाची वरची दोन बटणं काढली,
तो आत छातीशी सारला,
वरून हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

ओळख दाखवायची नसते, नियम आहे.
मी बर्फातल्या माझ्या बुटांकडे बघत राहिले.
बस आली.
दोघी चढलो, वेगवेगळ्या दारांनी.